मुबारकची विचारपूस

"आमीन," रुकय्या म्हणाली आणि तिने म्हाताऱ्याच्या तोंडात पेजेचा चमचा घातला.

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या एका मोतीवाल्याच्या घरी ती स्वयंपाकाला होती. नवरा याकूब तिथल्याच विहिरीचा पंप बघायचा. म्हातारा मुबारक हा त्या घरचा गुलाम. गुलामी उठली तेव्हा मोकळा झाला, पण त्या वयात जाणार कुठे, कपाळ! आजारपणात त्याची अरबी पार उडाली आणि लहानपणीची कुठलीशी बोली तेवढी उरली. रोज सकाळी तो काहीतरी म्हणे, थांबे, पुन्हा म्हणे. दुआच मागत असणार, असं धरून रुकय्या प्रत्येक वेळी आमीन म्हणायची. मनात मागणं एकच असायचं: हर्णैला सासूपाशी तापात ठेवलेली लेक जुलेखा बरी होऊ दे. घरून कित्येक दिवसांत खबर नव्हती.

हजनंतर पोटासाठी मागे राहिलेला हमदुल्ला शिंपी आफ्रिकेतल्या माली देशाचा होता. एकदा कपडे द्यायला आला आणि मुबारकचं बोलणं ऐकून दारातच थबकला.

"ही आमच्याकडच्या कड्यांवर राहणाऱ्या डोगोन लोकांची बोली," तो अरबीत म्हणाला. "गावागणिक वेगळी. मला जेमतेम कळते. दुआ नाही ही, बहिणी. तो हाल विचारतोय. आई कशी, पोरं कशी, शेळ्या कशा. दर वेळी 'सेओ' म्हणायचं. म्हणजे ठीक. मग तू विचारायचं, तो सेओ म्हणेल."

"आणि कोण आजारी असेल तर?"

"तरी सेओच. जो हयातच नाही, त्याच्यापुरतं तेवढं सेओ म्हणत नाहीत."

दुसऱ्या सकाळी रुकय्याने सेओ म्हटलं. मुबारक ढसाढसा रडला. मग तो तिच्याकडे बघत थांबला. आता तिची पाळी होती. तिने आपल्याच बोलीत विचारलं.

"सासू बरी हाय?"

"सेओ."

"आमची शेळी?"

"सेओ."

रुकय्याला हसू आलं. कोकणातली शेळी याला काय ठाऊक!

"नि माजी जुलेखा?"

मुबारकने ओठ मिटले. ऐकू गेलं नसेल म्हणून तिने मोठ्याने विचारलं. तो शांत श्वास घेत तिच्याकडे बघत होता. तिने पुन्हा शेळीचं विचारलं.

"सेओ."

पुन्हा जुलेखाचं विचारलं. तो नुसता बघत राहिला. तिला शिंप्याचं शेवटचं वाक्य आठवलं.

"रुकय्या, यल्ला, चल!" बाहेरून याकूब ओरडला. "बोट लागली! घरची खबर असंल!"

ती उठली नाही. तिने म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला.

"सेओ म्हना ना, चाचा," ती म्हणाली. "खोटं तरी म्हना."