अर्धा डमरू

जयवंताबाई जैनथहून बसने आल्या आणि थेट रंजीताच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"माही भाजीची बाडी नकाशात नाई म्हंते विजेचा माणूस. मोटारीची लाईन देत नाई. मी काय हवेत वांगे लावून राह्यली?"

आदिलाबादच्या त्या खाजगी कंपनीत सरकारसाठी जमिनींचे नकाशे संगणकावर चढवायचं काम चाले. रंजीता तिथली प्रोग्रामर. तिने बाईंचं शेत उघडलं. चौकोन हवा तिथे टोकाला एक त्रिकोण होता, बाकी कोरं.

मूळ मोजणीचे कोपरे तिने तपासले. नोंदवताना दोन कोपऱ्यांचा क्रम उलटा पडला होता. रेघ स्वतःलाच ओलांडून गेली आणि शेताचा डमरू झाला. असा आकार नकाशाचा प्रोग्राम चुकीचा म्हणून नाकारतो. मग सुरेंद्र सरांनी, तिच्या साहेबांनी, त्यावर शून्य अंतराचा बफर चालवला होता, म्हणजे आकाराची कड आपोआप पुन्हा आखणारी कोडची एक ओळ. त्या एका ओळीने आकार शुद्ध ठरतो, पण डमरूची एक बाजू गुपचूप गळून पडते. हे करू नका, असं रंजीताने त्यांना आधीच बजावलं होतं.

तिचं डोकं फिरलं.

"सर, ही ओळ सगळ्या गावांवर चालवली?"

"हो. एक बी एरर उरला नाई."

"जमीन बी नाई उरली."

"पुढच्या फेरीत पाहू. फाईल वर गेली." जयवंताबाईंकडे न बघताच ते म्हणाले, "यांना घरी पाठव."

"बसा मावशी," रंजीता म्हणाली. तिने प्रत्येक आकाराचं मूळ मोजणीतलं क्षेत्र आणि दुरुस्तीनंतरचं क्षेत्र ताडून पाहिलं. जिथे जमीन घटली तिथे लाल रंग भरला. पेनगंगेच्या काठाने गावंच्या गावं लाल झाली. तो नकाशा तिने सरांना न विचारता सरकारी अधिकाऱ्यांना पाठवला.

काम दुरुस्तीसाठी कंपनीकडे परत आलं. जयवंताबाईंचा चौकोन पुरा झाला, मोटारही लागली. सरांनी रंजीताला मात्र त्या कामावरून काढून पावसाच्या तक्त्यांवर बसवलं.

"झालं ना मनासारखं? आता तरी शांत हो," शेजारच्या टेबलावरची मीनल म्हणाली.

"काऊन होऊ? त्यांनी आकार हातानं दुरुस्त केले. ती ओळ तशीच ठेवली. उद्या दुसऱ्या जिल्ह्यावर चालवतील."

ती ओळ खोडायचा अधिकार आता तिच्याकडे नव्हता. तिने बॅग खांद्याला लावली आणि अधिकाऱ्यांच्या कचेरीकडे निघाली.