डाव्या विंगची जागा

मी फुटबॉलचा फळा बोलतोय. लाकूड फणसाचं, जन्म कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरचा. १९५८ साली बस स्टँडमागच्या एका सुताराने मला घासलं, हिरवा रंग दिला आणि अंगभर भोकं पाडली.

माझे धनी व्यंकोजीअण्णा. आधी प्रभात क्लबचे कप्तान, मग प्रशिक्षक. घरात मराठी बोलायचे, मैदानावर कन्नड, आणि रागावले की दोन्ही. अकरा खुंट्या म्हणजे अकरा खेळाडू. सुरुवातीला दोन बॅक, तीन हाफ, पाच पुढे. पुढे ती पद्धत जुनी झाली, तेव्हा अण्णांनी नवी भोकं पाडली : चार मागे, दोन मध्ये, चार पुढे. जुनी बुजवली नाहीत. स्वस्थ पडणं मला ठाऊकच नाही. संघ जिंकला तरी खुंट्या हलायच्या, हरला तर विचारूच नका.

१९९४ च्या डिसेंबरात क्लबला पन्नास वर्षं झाली. सेक्रेटरी यशोवर्धन घरी आला.

"अण्णा, पन्नास वर्षांतले सर्वोत्तम अकरा हवेत. रविवारपर्यंत यादी द्या. क्लबच्या भिंतीवर नावं रंगवायची आहेत."

"सरी, देतो," अण्णा म्हणाले.

दहा खुंट्यांवर नावाच्या चिठ्ठ्या दोन दिवसांत लागल्या. अडलं ते डाव्या विंगवर. तिथे दोन नावं होती. एक रघुजी, साठच्या दशकात अनवाणी खेळलेला, आता पीण्या वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर. दुसरा उपेंद्र, अण्णांचा मुलगा. त्याचा वेग असा की समोरचे बॅक नुसते बघत राहायचे. चार वर्षांपूर्वी तो काविळीने गेला. पंचवीस वर्षांचा होता.

"उपेंद्रला घ्या की," जाताना यशोवर्धन म्हणाला होता. "नाही कोण म्हणणार?"

नाही कुणीच म्हणणार नव्हतं. अण्णांना तेच टोचत होतं.

दोघांना बसवायला गेलं की तिसरा उठायचा. रघुजीला मध्ये घेतलं तर एक चांगला हाफ बाहेर. पुढे तिघेच ठेवले तर एक गोल मारणारा बाहेर. माझ्यावर दिवसभर ये-जा. कॉफी निवून जायची. शेवटी अण्णांनी काडेपेटीतली काडी रघुजीच्या नावाने बारावी खुंटी म्हणून खोचली.

यशोवर्धन डोकावला. "बारा? चालेल अण्णा. रेफरी आपलाच आहे."

अण्णा हसले नाहीत.

शनिवारी सकाळी अण्णांच्या पत्नी सोयराबाई अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला समोर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "अहो, मध्ये पुढे हे दोघे कोण घेतलेत?"

"नुसते गोल मारणारे. मागे वळून पाहायचे नाहीत."

"मग डावीकडच्याला मागे यावं लागणार."

"लागणार."

"उपेंद्र येत होता?"

अण्णा काडी नीट खोचू लागले.

"मी मैदानावर बसून ऐकलंय. 'मागे ये, गधड्या' ओरडून तुमचा घसा बसायचा. जेवतानाही तेच. आणि तो हसत आणखी भात मागायचा."

"भिंतीवर नाव राहिलं असतं त्याचं."

"राहिलं असतं. मग सगळे म्हणाले असते, काय शिस्तीचा खेळाडू होता. माझा मुलगा तसा नव्हता. तो जसा होता तसाच मला हवाय."

अण्णांनी काडी काढली. मग उपेंद्रची खुंटी काढली, जरा वेळ मुठीत धरून खिशात टाकली आणि रघुजीसाठी नवी खुंटी तासून तिथे बसवली. रविवारी यादी गेली.

नाव रंगवल्यावर रघुजी घरी आला. दारातच म्हणाला, "अण्णा, चुकलात. पोरगा माझ्यापेक्षा जोरात पळायचा."

"पळायचाच," अण्णा म्हणाले. "आत ये, कॉफी घे."

त्याला आता दोन वर्षं झाली. क्लबवाल्यांना मी हवा आहे. खुंट्या डिंकाने चिकटवून मला काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. एवढं करू नका. कारण दुपारी शेंगा सोलून झाल्या की सोयराबाई अजून माझ्यासमोर येऊन बसतात, आणि माझ्यावर एक सामना सुरू होतो.

"किती झाले?" त्या विचारतात.

"एका गोलने मागे आहोत. दहा मिनिटं उरलीत."

"मग आता मागे कशाला यायचंय कुणाला? रघुजीला बाहेर बसवा. सोडा आपल्या पोराला."

अण्णा खिशातून उपेंद्रची खुंटी काढतात आणि डाव्या कडेला, अगदी पुढे, खोचतात.