बिश्केकमधला पैरा

सोमवारी सकाळी सहा वाजता बिश्केकमधल्या एका खासगी वसतिगृहाच्या तळघरात रंगुबाई जोतीराम लेंगरे यांनी शेगडी पेटवायला नकार दिला. वरच्या मजल्यांवर सांगली-साताऱ्याकडची शंभरावर मुलंमुली उठत होती. सगळी डॉक्टरकी शिकायला आलेली. त्यांत रंगुबाईंची राणी होती, तिसऱ्या वर्षाला. रंगुबाई तिला भेटायला आल्या होत्या.

निदान आटपाडी तालुक्यातल्या झरे गावातून निघताना त्यांची तशी समजूत होती.

वसतिगृह आणि मेस चालवणारा विश्वजित सांगलीचा. उन्हाळ्यात त्याने सांगलीत पालकांची बैठक घेतली. "आपल्याकडं पैरा असतो," तो म्हणाला. "आज मी तुमच्या रानात, उद्या तुम्ही माझ्या. तसंच करू. दर महिन्याला एकाची आई येईल, लेकराला भेटेल, स्वयंपाकात थोडा हातभार लावेल. जाण्यायेण्याचं तिकीट माझ्याकडं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगुबाईंनीही वाजवल्या.

सोबत आणायच्या सामानात पंधरा किलो चटणी सांगितली होती.

"एकट्या पोरीला येवडी?" जोतीराम म्हणाले.

"मैत्रिणीबी खातील की," रंगुबाई म्हणाल्या. मिरच्यांची देठं त्यांनी स्वतः बसून काढली.

विमानतळावर राणी नव्हती. तिचा तास होता. विश्वजित आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने त्यांना तळघर दाखवलं, कोठीची किल्ली हातात दिली आणि कणकेची परात कुठे आहे ते सांगितलं. परातीत लहान मूल झोपलं असतं. आदल्या महिन्यात इथे मिरजेच्या शकिला होत्या, दानिशची आई. त्याआधी कराडच्या एक बाई, त्याआधी कोयनानगरच्या. दोन किरगीझ बायका भाज्या चिरायला आणि भांड्यांना होत्या. चपाती त्यांना येत नव्हती. थोडा हातभार म्हणजे दोन वेळचं सगळं जेवण, हे रंगुबाईंना पहिल्याच दुपारी कळलं.

पोरीसाठी करतेय, असं त्यांनी मनाशी धरलं. पण पोर सकाळीच कॉलेजला जायची आणि संध्याकाळी ताट घेऊन रांगेत उभी राहायची. मायलेकींचं बोलणं वाढपाच्या टेबलावरून व्हायचं.

"आजून एक घे."

"बास गं आई, मागं रांग हाय."

रविवारी राणी त्यांना शहर दाखवणार होती. रंगुबाईंनी नवी साडी नेसली, वर राणीचा जाड कोट घातला. तेवढ्यात विश्वजित खाली आला. आज पुरणपोळी करायची, म्हणाला. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी व्हिडिओ काढायचा होता.

रंगुबाईंनी राणीकडे पाहिलं.

"कर की," राणी म्हणाली. "सगळी वाट बघत्यात. पुढच्या रविवारी जाऊ."

दुपारी विश्वजितने मोबाइल धरला. "आणि या आमच्या मेसच्या आचारी मावशी! हाताला काय चव आहे!" राणी शेजारीच होती, हातात ताट घेऊन. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. बोलली काही नाही.

संध्याकाळी झऱ्याहून जोतीरामांचा फोन आला. व्हिडिओ गावात पोचला होता.

"तू तितं आचारी म्हणून लागलीस व्हय गं? मल्हारी वाण्यानं मला पगार इचारला. चार माणसांत."

"काय सांगितलं?"

"काय सांगू? पोरीला भेटाय गेलीया म्हणलं, तर समदी हासली. भेटलीस का तिला?"

रंगुबाईंनी फोन ठेवला.

सोमवारी त्यांनी कोठी उघडली नाही. दारात घमेलं पालथं घालून त्यावर बसल्या. किल्ली कमरेला खोचलेली. थोड्या वेळाने विश्वजित आला.

"मावशी, कणीक मळली न्हाई अजून? पोरं खाली यायला लागली."

"येऊ देत."

"तब्येत बरी न्हाई का?"

"तब्येतीला काय धाड भरलीया?"

विश्वजित हसला. समोरच्या ओट्यावरचा डबा सरकवून तिथे टेकला. "कालचं मनाला लावून घेतलंत व्हय? अहो, कौतुकच केलं तुमचं. आपला पैरा ठरलाय ना?"

"पैरा तू मला शिकवू नगंस. म्या धा वर्साची असल्यापास्नं पैऱ्यानं ज्वारी काढतीया. ज्याच्या रानात आपुन राबतो त्यो आपल्या रानात येतो. शकिलाभाभी राबली, कोयनंची बाई राबली. तुझ्या घरचं कोण राबलं?"

"मी तिकीट देतो, मावशी."

"तिकीट दिलंस म्हणजे मजुरी दिलीस. मजूर म्हणून आनलं आसतंस तर घरीच न्हाई म्हणले आसते. तू पैरा म्हणलास. मग पुढची पाळी तुझ्या आईची. आक्काताई यिऊ दे हितं. त्या आल्या की म्या उठते आन् कणकंला हात लावते."

विश्वजितचं हसू गेलं. "माझ्या आईला मध्ये आणू नका."

"का? तुजी तेवडी आई, आन् आमी?"

तो उभा राहिला. मग त्याने आवाज न चढवता सांगितलं. राणीची पोलिसांकडची नोंदणी या वसतिगृहाच्या पत्त्यावर होती. त्याने ती काढून घेतली तर तिचे कागद अपुरे पडले असते आणि पुढच्या सोमवारी तिला परीक्षेला बसता आलं नसतं. दुपारपर्यंत स्वयंपाक झाला नाही, तर संध्याकाळी खोली रिकामी करायची.

हे त्याने जिन्याकडे बघत सांगितलं, कारण राणी तिथे येऊन उभी होती.

मुलं जमली होती. कुणी तरी म्हणालं, "काकू, निदान चहा तरी." कुणी तरी मागून ओरडलं, "पैसे भरतोय आम्ही!" रंगुबाई हलल्या नाहीत. सगळे पावाच्या शोधात पांगल्यावर राणी खाली आली.

"आई, ऊठ."

"न्हाई."

"तीन वर्सं घातली म्या हितं! तुला काय, मान पायजे तुला!"

"मान नगं मला. त्यो मला आचारी म्हणला तवा तुजी जीभ का उचलली न्हाई, तेवडं सांग."

"सगळ्यांच्याच आया येत्यात. हितं कुणीच म्हणत न्हाई माजी आई म्हणून."

"म्हणजे तुला आदीपास्नं ठावं हुतं. कसलं काम हाय ते ठावं असून मला बोलावलंस."

राणीचाही आवाज चढला.

"व्हय, ठावं हुतं! उन्हाळ्यापास्नं दुसऱ्यांच्या आयांनी करून घातलं, त्ये म्या खाल्लं. मला टायफॉइड झाला तवा शकिलामावशीनं उशाशी बसून मुगाचं पाणी पाजलं. त्यांचा दानिश वर उपाशी बसलाय. आता तुजी पाळी आली तर तुला राग आला! त्या इश्वजितचा सोड, त्यांचा पैरा तरी फेड!"

हे रंगुबाईंना लागलं. टायफॉइडचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी मिरजेला शकिलांना फोन लावला, राणीला ऐकू जाईल असा.

"भाभी, तुमचं देणं माज्याकडं हाय. पोरगी बोलली."

"हाय की," शकिला म्हणाल्या. "मनगट अजून सुजलेलं हाय माजं. पण ते तुमच्याकडं हाय, रंगूताई, त्याच्याकडं न्हाई. ते मी तुमच्याकडनं घेईन. मला त्यानं व्हिडिओत मेसची खाला म्हणून दाखवली, आन् आमचा दानिश शेजारी चपात्या मोजत हुता. तवा मी बोलले न्हाई. तुमी उठू नका."

"दानिश उपाशी हाय."

"ऱ्हाऊ द्या. तेवढ्यानं काय वाळत न्हाई. जाड झालाय लय."

आणि त्याच म्हणाल्या, "आक्काताईंचं घर मला ठाऊक हाय. तुमच्या मालकांना सांगलीला पाठवा."

जोतीराम पहिल्या मिळालेल्या एसटीने निघाले. दुपारी विश्रामबागेतल्या बंगल्यासमोर शकिला त्यांना भेटल्या. आक्काताईंनी दार स्वतः उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मुलाने आयांकडून स्वयंपाक करून घेतला हे त्यांना नवं नव्हतं.

"स्वतःच्या लेकरांसाठीच केला ना?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोरानं तुमच्या पोरांचं कल्याण केलं. नाहीतर झऱ्याची पोर डॉक्टर झाली असती का?"

"झाली न्हाई अजून," जोतीराम म्हणाले. "तुमचा ल्योक तिला आज खोलीभायेर काढतोय."

"तुमच्या बाईंनी ऐकावं."

"तिचं येकच म्हणणं हाय. पुढच्या पाळीला तुमी जायाचं."

"मी? माझे गुडघे बघा."

"तितं स्टूल हाय," शकिला म्हणाल्या. "उंच, लोखंडी. बसून लाटता येतं. मी महिनाभर त्याच्यावरच बसले. मलापण गुडघे हाईत."

आक्काताईंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. त्याने काय सांगितलं ते दोघांना ऐकू आलं नाही. आक्काताई "बरं" म्हणाल्या, मग "नाही, बसलेत इथंच" म्हणाल्या, आणि फोन कानाला लावूनच आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं.

तिकडे बिश्केकमध्ये दुपारचं जेवण झालं नाही. काही मुलांनी खोलीत नूडल्स उकळल्या. काहींनी दानिशला, तुझ्या आईला काकूंना समजवायला सांग म्हणून घेरलं, तेव्हा तो म्हणाला, "तिनंच सांगितलंय उठू नका म्हणून," आणि तळघरात जाऊन रंगुबाईंशेजारी बसला. राणीची ट्रंक आणि गादी विश्वजितच्या माणसाने खोलीबाहेर आणून ठेवली. राणीने त्यातून परीक्षेचं पुस्तक काढलं आणि ती तळघराच्या जिन्यात वाचत बसली. आईशी ती अजून बोललेली नाही.

साडेचारपर्यंत सांगलीत आक्काताईंच्या खोलीचं दार उघडलं नव्हतं. जोतीराम आणि शकिला सोफ्यावर बसून होते. राणीची नोंदणी विश्वजितने काढून घेतली की नाही, हे कळलेलं नाही. तो फोन उचलत नाही.