जपून खेळा

मी पाटी बोलतेय. जुगारघराच्या भिंतीवर, खिडकीजवळच्या, पैसे टाकून खेळायच्या यंत्राच्या बरोबर वर मला टांगलंय. पांढऱ्यावर निळी अक्षरं: 'जपून खेळा'. रंगाऱ्याने शेवटचा काना ओढला तेव्हा म्हणाला होता, "जा बाई, चार घरं वाचव." झालं! मी कोण मोठी लागून गेले, असं वाटायला लागलं मला.

माझ्याखाली एक शिंपी बसायचा. हात मोठा गुणी. शेजाऱ्याचं लोंबतं बटण बोलता बोलता लावून द्यायचा. पण यंत्रासमोर बसला की गेला कामातून. संध्याकाळी त्याची मुलगी दारातून हाक मारायची. "आलोच गं," म्हणायचा, आणि ते 'आलोच' जुगारघर बंद होईपर्यंत चालायचं. मी डोक्यावर होतेच, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक संशोधक बाई आल्या. कोपऱ्यात बसून नुसत्या बघायच्या. कोण कधी उठतं, कोण कशाकडे बघतं, सगळं टिपायच्या. पुढे मालकाला विचारून त्यांनी खिडकीकडची यंत्रं अशी लावली, की ती मधूनमधून आपोआप थांबावीत आणि थोडा वेळ कशालाच दाद देऊ नयेत.

पहिल्यांदा यंत्र थांबलं तेव्हा शिंप्याने त्याला चापट मारली. मग वैतागून उठला, पाणी प्यायला, खिडकीबाहेर बघितलं. "अरे, अंधार पडला की!" म्हणाला आणि चक्क घरी गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. सगळेच उठले असं नाही, पण त्या रांगेतले पुष्कळजण लवकर उठू लागले. मला आनंद झाला, आणि खरं सांगते, पोटात थोडं दुखलंही.

प्रयोग संपला. बाई मालकाला म्हणाल्या, "ही थांबणारी यंत्रं कायम राहू द्या. लोक उठतात, हे दिसलंय."

"बाई, लोक उठले तर माझा धंदा बसेल!" मालक हसला. "आणि पाटी लावलीये की मी. ती काय!"

"तिच्याकडे कुणी बघत नाही, साहेब. तेही तपासलंय आम्ही."

बाई गेल्या आणि यंत्रं पुन्हा न थांबता चालू लागली. मला मात्र मालकाने ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं. कुणी जाब विचारायला आलं की तो माझ्याकडे बोट दाखवतो. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

परवा शिंप्याची मुलगी थेट आत आली.

"बाबा, चला ना. सावकाराची माणसं दुकानातली आपली शिलाई मशीन उचलून नेतायत."

"एवढा एकच डाव, बेटा."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मी तिला दिसले. "बाबा, जपून खेळा असं लिहिलंय इथे."

"कुठे गं?" म्हणाला. मान काही वर केली नाही.

मला उतरवा हो. मी आहे म्हणून सगळ्यांना वाटतं, आपलं काम झालं. माझ्या जागी दुसरी पाटीही नको. फक्त ते यंत्र मधूनमधून थांबू द्या. तो उठतो. मी पाहिलंय त्याला उठताना.