लहान बाळ, सोपी सुटका

शिवणकामात टेलरबाईंचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नुसत्या नजरेनं छातीचं माप सांगत, आणि टेप लावली तर सूतभर फरक निघत नसे. सुनेला दिवस गेले तशी ती टेप तिच्या पोटाला लागली. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात या दोघीच. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी सुनेला कापायच्या टेबलापाशी उभं करायचं, घेर मोजायचा आणि गिऱ्हाइकांच्या वहीत लिहायचा. पाचव्या महिन्यापासून तिचं ताटही त्याच वाढत. निम्मं. दूध बंद, अंडी बंद, दुसऱ्यांदा वाढणं बंद.

"लहान बाळ, सोपी सुटका," त्या म्हणत. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

दुष्टपणा नव्हता हो त्यात. त्यांची पाठची बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत बाळंतपणात गेली होती. मूल मोठं होतं, अडलं. दोन दिवस कळा देऊन दोघंही गेली. तेव्हापासून बाळसेदार बाळाचं कौतुक ऐकलं तरी टेलरबाई धसकत. म्हणून सुनेचा घेर सलग तीन सोमवार जिथल्या तिथे राहिला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात त्या तिला दवाखान्यात तपासायला घेऊन गेल्या, तेही मोठ्या तोऱ्यात.

नर्सनं पोटावर टेप धरली. पुन्हा धरली. मग डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. सोनोग्राफी झाली.

"बाळाची वाढ थांबलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठव्या महिन्याच्या मानानं फारच लहान आहे. आणि हिचं वजन दोन महिन्यांत जराही वाढलेलं नाही. जेवतेस ना गं नीट?"

सुनेनं सासूकडे पाहिलं नाही. "हो. पोटभर जेवते."

"दूध, अंडी?"

"रोज."

टेलरबाईंच्या लक्षात आलं. पोरगी त्यांना सांभाळून घेत होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. "खाऊनपिऊन ही अवस्था म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. मग थांबण्यात अर्थ नाही. आजच ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल."

"जगेल ना?" सुनेनं विचारलं.

"एवढं अशक्त बाळ, तेही दिवस भरायच्या आत... खोटी आशा दाखवत नाही मी."

नर्सनं संमतीचा कागद पुढे केला. सुनेनं पेन हातात घेतलं. आता गप्प बसलं तर बाळ जाणार, आणि बोललं तर आपली अब्रू जाणार! टेलरबाईंची नजर त्या पेनवर खिळली. पेन कागदाला टेकलं.

"थांब गं!" त्या ओरडल्याच. "खोटं बोलतेय ती. मी तिला खाऊ दिलं नाही. तीन महिने अर्धपोटी ठेवलंय. मी, मीच!"

डॉक्टरीणबाईंनी कागद मागे घेतला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आज ऑपरेशन नको," त्या सावकाश म्हणाल्या. "इथेच ठेवू, नीट खायला घालू, रोज बाळाचे ठोके बघू. वाढ दिसली तर जितके दिवस आत राहील तितकं चांगलं."

"राहिलेलं सगळं भरून निघेल ना हो?" टेलरबाईंनी हात जोडले.

"सगळं नाही, बाई. निघेल तेवढं निघेल."

टेलरबाई सुनेच्या उशाशी सरकल्या, तिच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. "मी तुझ्या जिवासाठीच केलं गं."

"माहितीय मला, आई." सुनेनं त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि दोन्ही तळवे स्वतःच्या पोटावर ठेवले. "तुम्ही जरा बाहेर बसा."