चेंडूसकट सहा फूट

मी नजर बोलतेय. दचकू नका, कुणाला लागते त्यातली मी नाही. मी एक लाकडी काठी आहे, आणि माझ्या डोक्यावर एके काळी पिवळा चेंडू होता.

सिनेमात जिवंत माणूस आणि चितारलेला प्राणी समोरासमोर बसून गप्पा मारतात, आणि तुम्ही खुर्चीत रेलून म्हणता, "काय कमाल आहे, अगदी खरं वाटतं!" ते खरं वाटायचं काम माझं. शूटिंगच्या दिवशी प्राणी तिथं नसतोच. तो सहा महिन्यांनी कागदावरून आयता उतरतो आणि लोक त्याच्या बाहुल्या काढतात. त्या दिवशी तिथं मी असते, तासन् तास, एका पायावर. नंतर मला चित्रातून पुसून टाकतात. उपकाराची परतफेड म्हणतात ती हीच असावी.

माझा जन्म काही थोरामोठ्यांच्या घरात झाला नाही. स्टुडिओच्या मोठ्या हॉलची फरशी पुसायला जो लांबलचक मॉप होता, त्याचा मी दांडा. खाली ओल्या चिंध्या, वर झाडूवालीचा हात. चार वर्षं मी त्या हॉलच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि तिथंच अभिनय शिकले. मला शिकवायला कुणी आलं नाही, आणि शिकून आलेल्यांचं काय होतं तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. समोरचा बोलत असताना कोण ऐकतो आणि कोण मनातल्या मनात स्वतःचं पुढचं वाक्य घोकतो, हे कोपऱ्यातून फार स्वच्छ दिसतं.

मग एक दिवस चिंध्या कुजल्या आणि सामानखात्यातल्या माणसानं मला उचललं. त्यानं मला करवतीनं कापलं, घासलं, आणि डोक्यावर खरबुजाएवढा पिवळा चेंडू ठोकून बसवला. त्यावर काळ्या रंगानं दोन डोळेही काढले, चांगले वरच्या अंगाला. "वर डोळे असले की चेहरा हुशार दिसतो," म्हणाला. स्वतःचे डोळे कुठं आहेत ते त्यानं आरशात पाहिलं नव्हतं बहुधा. एक डोळा मोठा झाला, एक बारीक. काल 'तो दांडा' होते, आज 'ती नजर' झाले. व्याकरणाला एवढंसं पुरतं. मी काही तक्रार केली नाही.

त्याचंही नाव त्याच दिवशी बदललं. दिवसभर मला धरून उभं राहायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं, म्हणून सगळे त्याला दांडेकर म्हणू लागले. लोकांना आडनाव बापाकडून मिळतं, याला माझ्याकडून मिळालं.

सिनेमाची गोष्ट अशी : एकटी राहणारी एक आजी, आणि तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरलेलं एक अस्वल. महिना संपला की पान उलटणार आणि अस्वलाला परत जावं लागणार. आजी हाडामांसाची, अस्वल चितारलेलं, डोक्यावर लोकरीची टोपी घातलेलं. काम करायची रीत ठरलेली होती. आधी कुणीतरी ओरडायचं, "नजर लावा!" मग दांडेकर मला अस्वलाच्या जागी उभी करायचा. "नजर लागली?" "लागली!" नट माझ्याकडे बघून एकदा तालीम करायचे. मग आरोळी यायची, "नजर काढा!" मला बाजूला घ्यायचे, आणि खऱ्या टेकला, म्हणजे कॅमेरा चालू झाला की, नटानं त्याच जागी, रिकाम्या हवेकडे, तसंच्या तसं बघायचं.

आजीच्या मुलाचं काम एका देखण्या हिरोकडे होतं. त्याची नजर माझ्यावर एकदाही लागली नाही. ती कायम कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःला शोधत असायची. पण त्यानं काळा चष्मा घातला होता, त्यामुळे सगळे म्हणायचे, "वा, किती सहज!" अभिनयात चष्म्याला फार महत्त्व आहे.

आजीचं काम करायला आल्या त्यांना सगळे मावशी म्हणायचे. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई. मग गुडघे गेले, दौरे बंद झाले, आणि सहा वर्षांत त्यांच्या घरी कामासाठी कुणाचा फोन आला नव्हता. हे दांडेकरला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, अगदी हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि ही कोण?"

"अस्वल," दांडेकर म्हणाला.

"बरीच वाळलीय."

जेवणाच्या सुट्टीत सगळे ताटांकडे धावले तेव्हा त्या स्टूल ओढून माझ्यापुढं बसल्या. त्यांनी सगळी वाक्यं माझ्याशी बोलून पाहिली. बोलून झाली की थांबायच्या, माझं उत्तर ऐकायच्या, मग पुढचं बोलायच्या. माझं उत्तर! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मी काय म्हणते ते ऐकत होतं, आणि नेमकं माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं.

आठवडाभर घरातले सगळे सीन झाले. घराचा सेट मोडून लाकडं गाडीत भरली. मग चित्रविभागाकडून तीन दिवसांच्या कामावर कच्च्या रेघांचं अस्वल बसवून आलं, आणि ते बघायला सगळे एका खोलीत जमले. मलाही दांडेकरनं काखेत मारून नेलं. दाराशी ठेवायला जागा नव्हती, म्हणून.

पडद्यावर मावशी बोलत होत्या. अस्वल त्यांच्याकडे बघत होतं. आणि मावशी बघत होत्या त्याच्या टोपीकडे. सगळा वेळ. "तू गेलास की मी कुणाशी भांडू रे?" हे एवढं वाक्य टोपीच्या गोंड्याला उद्देशून.

आधी हिरो हसला. मग बाकीच्यांना परवानगी मिळाल्यासारखं झालं.

"मावशी," दिग्दर्शक गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही टोपीशी संसार मांडलाय."

"मी चेंडूकडे बघत होते. चेंडूच्या डोळ्यांत."

"हो हो. वय झालं की नजर जराशी इकडेतिकडे होतेच. माझ्या आईचंही तसंच आहे."

मावशी उठून बाहेर गेल्या. दिग्दर्शक मग व्यवस्थापकाला म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर दुसऱ्या एक बाई तयार आहेत. सेट परत बांधू, पण बाई बदलू." मी दीड हातावर उभी होते. काठीला कान नसतात, असा त्यांचा समज.

दांडेकरला मात्र होते. त्यानं जाऊन मावशींना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, बाई रडतील. त्यांनी डबा उघडला, शांतपणे जेवल्या, आणि डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "दांडेकर, माझे डोळे गेल्या महिन्यात तपासलेत. ही तेवढ्याच जागी उभी असते ना रोज?"

"तेवढ्याच. पायाखाली खूण केलीय मी."

"मग दोघांपैकी एक खोटं बोलतंय. मी नाही. म्हणजे अस्वल."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा तयार झाला आणि मावशी काही जागेवर येईनात. मेकअप करून खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

"मावशी, काय झालं?" दिग्दर्शक.

"अस्वलाला बोलवा."

"अहो, अस्वल कागदावर आहे."

"मग ज्याच्या कागदावर आहे त्याला बोलवा. मी तुमची चूक अंगावर घेऊन घरी जाणार नाही. माझी असेल तर आपल्या पायांनी जाईन, कुणाला हात धरायला लागणार नाही."

असं बोलणारं माणूस त्या हॉलनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी तर आनंदानं ताठच झाले असते, पण आधीच ताठ होते.

दुपारी चित्रविभागातली बाई आली. चाळिशीची, बोटांना शाई, केसांत खोचलेली पेन्सिल. तीन वर्षं ती अस्वलं, ससे आणि बोलत्या चहाच्या किटल्या काढत होती आणि सेटवर एकदाही आली नव्हती. चितारणारे एका इमारतीत, शूटिंगवाले दुसऱ्या, मधे फक्त कागद जाणार-येणार. हीच तर पद्धत. दोघांची भेट झाली तर कदाचित सिनेमा नीट होईल, ही भीती असणार.

आत येताच ती माझ्यापुढं थांबली आणि म्हणाली, "ही एवढी उंच कशी?"

"सहा फूट," दांडेकर म्हणाला. "तुमच्या कागदाप्रमाणे."

तिनं टेप काढली. लाकूड बरोबर सहा फूट. त्यावर चेंडू. चेंडूवरचे ते हुशार डोळे चांगले चार बोटं वर.

"अहो, चेंडूसकट सहा फूट!"

"कागदावर 'सकट' कुठं आहे?" दांडेकरनं खिशातून घडी पडलेला कागद काढला. "वाचा. 'काठी सहा फूट. वर चेंडू.' मी काठी केली सहा फूट. वर लावला चेंडू. आता 'सकट' मी घरून आणू का?"

चित्रवालीनं कागद वाचला. परत वाचला. अक्षर तिचंच होतं. "सकट राहिलं," ती हळूच म्हणाली.

मावशी खुर्चीतून उठल्या, आल्या, आणि माझ्या अंगावर हात टेकून उभ्या राहिल्या. तीस वर्षांच्या अनुभवात माणसाला कुठं थांबायचं ते कळतं. दिग्दर्शक मात्र लगेच म्हणाले, "बघा, मी पहिल्यापासून म्हणत होतो, काहीतरी तांत्रिक आहे." माफी मागायला त्यांना वेळ झाला नाही. मोठी माणसं, कामं असतात.

सेट मोडलेला. बाई चुकीच्या नाहीत म्हटल्यावर तो परत बांधायलाही कुणी तयार होईना. मग चित्रवालीच म्हणाली, "मी अस्वल वर उचलते. मान ताठ करते चार बोटं." म्हणजे शेकडो कागदांवर अस्वलाची मान नव्यानं काढायची. तिनं काढली. तिची चूक होती, तिनं निस्तरली. या धंद्यात अशी माणसं दोन-तीनच भेटतात आणि ती सगळी मागच्या इमारतीत बसतात.

शेवटचा सीन उरला होता. महिना संपलाय, आजी अस्वलाला बसथांब्यावर सोडायला आलीय. शनिवारच होता तो. दिग्दर्शकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, टेकला नजर ठेवूया का? तुम्हाला सोपं जाईल."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नजर काढा," त्या म्हणाल्या.

दांडेकर मला घेऊन कॅमेऱ्यामागं आला. माझ्या जागी आता काही नव्हतं. मावशींनी मान वर केली आणि तिथं बघितलं. "जा आता. टोपी काढू नकोस, गार वारं आहे," एवढंच म्हणायचं होतं त्यांना. त्या म्हणाल्या, उत्तराला थांबल्या, आणि उत्तर आल्यावर हसल्या. मी तिथं नव्हते, तरी मला वाटलं मीच बोलले. चित्रवालीनं नंतर पडद्यावर मोजलं. नजर एका केसानंही हलली नव्हती. दुसऱ्या बाईंना फोन करून सांगायची जबाबदारी व्यवस्थापकावर आली.

सिनेमा लागला, गाजला. सगळ्यांनी लिहिलं, त्या अस्वलाची ती ताठ मान काय विलक्षण! दिग्दर्शकांनी मुलाखतीत सांगितलं की हे अस्वल मानी आहे, हे त्यांना पहिल्या रात्री स्वप्नात दिसलं होतं. 'सकट' या शब्दाचा उल्लेख आला नाही. शेवटी पाटीवर नावं सरकली, त्यात जेवण पुरवणाऱ्याचं होतं, हिरोच्या चष्म्याच्या दुकानाचे आभारही होते. माझं नव्हतं. दांडेकरचं होतं, पण त्याचं खरं आडनाव छापल्यामुळं त्याला कुणी ओळखलं नाही.

तेव्हा एवढं सांगून ठेवते. यापुढं पडद्यावर कुणी सशाशी, भुताशी, बोलत्या किटलीशी बोलताना दिसलं, की सशाकडे बघू नका. तो काय, काढलाय तसा दिसणारच. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघा. तिथं कुणीतरी काठी उभी आहे.

माझं म्हणाल तर चेंडू फुटला आणि आता म्हणे नव्या सिनेमांना हिरवा बाहुला आणलाय, हातपायांसकट. मला परत खाली चिंध्या बांधून हॉल पुसायला दिलंय. चेंडूच्या जागी नुसतं खिळ्याचं भोक आहे. झाडूवाली म्हणते, दांडा फार लांब आहे. ऐकून घेते.

मागच्या आठवड्यात मावशी नव्या सिनेमासाठी आल्या. आता फोन येतात त्यांना. झाडूवाली मला उभी धरून बाजूला सरकली आणि मावशी पुढं जाता जाता थांबल्या. त्यांनी मान वर केली आणि माझ्या टोकाच्या चार बोटं वर बघितलं, जिथं आता काही नाही, बरोबर तिथं.

"बरी आहेस ना गं?"

"बरी आहे, मावशी," झाडूवाली म्हणाली. "फक्त कंबर धरते अधूनमधून."

"काळजी घे," मावशी तिला म्हणाल्या. मग परत वर बघितलं आणि थांबल्या, माझं उत्तर येईपर्यंत.