दोन पंचमांश

"पालकांनी बाहेर थांबायचं, मावशी," परीक्षेच्या खोलीच्या दारात पर्यवेक्षक म्हणाला.

"पालक नाही. मीच बसणारे."

मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. हसू देत. दवाखान्याच्या फरशा पुसून तिची कंबर गेली, पण दहावी नाही म्हणून नोकरी कायम होत नव्हती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप. बाकीचे विषय सुटले होते. गणित दरवेळी राहायचं, कारण गणिताला दरवेळी बाप यायचा.

बाप मरून जमाना झाला होता. गल्ली त्याला मास्तर म्हणायची. चौथीनंतर त्याने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण घरात शिकवायला पट्टी लागते, अक्कल नाही.

भूमितीत तो गप्प होता, ती त्याला येतच नव्हती. त्रिकोणाचे दोन कोन पन्नास आणि साठ. एकशेऐंशीतून एकशेदहा गेले, तिसरा सत्तर. समीकरणही सुटलं. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. पाच पलीकडे नेले, उरलेल्या पंधराला तीनने भागलं, क्ष पाच.

मग अपूर्णांक आले आणि मानेवर तंबाखूचा श्वास आला.

टाकी सकाळी अर्धी भरली, दुपारी आणखी एक तृतीयांश. किती रिकामी राहिली?

"वरचे वर, खालचे खाली," बाप कानाशी म्हणाला. "एक नि एक दोन. दोन नि तीन पाच. दोन पंचमांश भरली, तीन पंचमांश रिकामी. लिही, ठोंबे."

तिने लिहिलं. क्लासच्या बाईंचं डोक्यात असायचं, हात मात्र बापाचं ऐकायचा. इथून पुढचे सगळे अपूर्णांक असेच मातीत जायचे.

आज तिने लिहिलेलं वाचून पाहिलं. सकाळीच अर्धी भरली. वर आणखी पाणी पडलं. आणि रिकामी अर्ध्याहून जास्त?

"बाबा, टाकी गळते का?"

"तोंड चालवू नको."

तिने उत्तरावर काट मारली. दोनच्या आणि तीनच्या, दोन्ही पाढ्यांत येतो तो सहा. अर्धा म्हणजे तीन षष्ठांश. एक तृतीयांश म्हणजे दोन षष्ठांश. पाच षष्ठांश भरली, एक षष्ठांश रिकामी.

"खोड ते."

पेरांवर जुनी कळ उठली. पेन तिने सोडलं नाही.

"खोडणार नाही."

"मावशी, कोणाशी बोलताय?" पर्यवेक्षकाने विचारलं.

"कोणाशी नाही."

मग आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात बाप म्हणाला, "सहा कुठून आला गं?"

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. ज्याला येत नव्हतं त्याने मारून शिकवलं होतं. तिला त्याची कीव आली, आणि रागही आला.

"बाबा, माझा पेपर चाललाय."

तो बाकाच्या कडेला वाकला आणि लाकडावर बोटाने मांडू लागला. वरचे वर, खालचे खाली. पुन्हा दोन पंचमांश. पुन्हा पहिल्यापासून.

तिने पान उलटलं. पुढचं गणित तीन चतुर्थांशांचं होतं.